स्वतःवर प्रेम करायचं की स्वतःला नाकारायचं?

वसईहून_मडगावात

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचक होते. आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माहेर वसईचं, म्हणजे प्रार्थना, भांडणं आणि हिशेब सगळं मराठीत. लग्नानंतर मडगावात आले, आता मिस्सा कोंकणीत ऐकते. नवरा तारवटी, वर्षातले बरेच महिने बोटीवर. सासूबाई, म्हणजे आमची मांय, न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत नीट उभी राहिली नाही. दिवसा माझी शाळेची नोकरी, रात्री तिचं सगळं. एका रात्री तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी इतकी ओरडले की समोरच्या घरातला दिवा लागला.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या म्हणतात, आधी स्वतःला आहात तशा स्वीकारा, स्वतःवर प्रेम करायला शिका. बरं वाटलं ऐकून. त्याच आठवड्यात कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला आणि फादरांचा शेरमांव (प्रवचन) लूक ९:२३ वर. माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा, रोज आपला क्रूस उचला.

आता एकाच बाईनं दोन्ही कसं करायचं? की यातलं एक खोटं आहे? तेच ते पाप कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, सांगून सांगून फादरही कंटाळले असतील. मानसशास्त्रवाले आणि बायबलवाले, दोघांनीही लिहा. फक्त 'देवावर सोपवा' लिहिणार असाल तर आधीच सांगते, रात्री दोनला मांयची कूस बदलायला देव येत नाही.

डिचोलीकर

सोपं आहे ताई. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' असंच आहे ना तुमच्यात? स्वतःवरच नसेल तर शेजाऱ्याच्या वाट्याला काय येणार? अर्थात शेजारी कोण यावरही आहे म्हणा. आमचा पहाटे पाचला मिक्सर लावतो.

रेव्हरंडांचा_नातू

डिचोलीकर, हे सगळीकडे ऐकू येतं, पण वचनात तसं नाही. मार्कच्या १२व्या अध्यायात येशू दोनच आज्ञा सांगतो, देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. दुसरी तर जुनीच, लेवीय १९:१८ मधली. 'स्वतःवर प्रीती कर' अशी तिसरी आज्ञा तिथे नाही. माणूस भूक लागली की जेवतो, काटा रुतला की काढतो, स्वतःचं बघतोच, हे तिथे गृहीत धरलंय. उलट तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:२) शेवटल्या काळातल्या माणसांची जी यादी आहे, तिच्यात पहिला नंबर स्वतःवर प्रेम करणाऱ्यांचा. संत ऑगस्टीननं तर जगाची विभागणीच यावर केली. देवाला तुच्छ लेखण्यापर्यंत गेलेलं स्वतःवरचं प्रेम एका नगरात, स्वतःला तुच्छ लेखण्यापर्यंत गेलेलं देवावरचं प्रेम दुसऱ्या नगरात.

आजोबा नगर जिल्ह्यात पाळक होते. मी वास्कोला बंदरात नोकरी करतो, धर्मशास्त्राची पदवी वगैरे नाही. पण वचनाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत एवढं घरात शिकवलं होतं.

शेवटची_कदंब

बंदरात इतकं बायबल वाचतात? मग बंदरातून उडून वास्कोच्या खिडक्यांवर बसतो तो कोळसा कोणाच्या पापाचा ते पण सांगून टाका.

रेव्हरंडांचा_नातू

त्यासाठी वेगळा धागा काढा. मीही येतो.

म्हापशाची_समुपदेशक

'स्वतःवर प्रेम करा' हे आता चहाच्या मगावर छापून मिळतं, म्हणून त्याची चिडच येते. पण त्यामागची गोष्ट वेगळी आहे आणि ती चर्चच्या दारातूनच सुरू होते.

कार्ल रॉजर्स, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, जन्म १९०२. घर इतकं कडक धार्मिक की पत्ते नाहीत, नाच नाही, नाटक नाही. सोड्याची बाटलीसुद्धा त्या घरात जरा पापाचीच, आणि पहिल्यांदा ती पिताना आपल्याला अपराधी वाटलं होतं असं त्यानंच लिहून ठेवलंय. पाळक व्हायचं म्हणून १९२४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत दाखल झाला, दोन वर्षांनी ते सोडून रस्त्यापलीकडच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळला. पुढे त्यानं मांडलं ते असं. लहानपणापासून आपल्याला अटींवर प्रेम मिळतं. शहाण्यासारखा वागलास तर लाडका, नाहीतर नाही. मग जे त्या अटींत बसत नाही ते माणूस लपवतो, आधी लोकांपासून आणि नंतर स्वतःपासूनही. समुपदेशकाचं काम काय, तर समोरच्याला कोणतीही अट न घालता आदरानं ऐकणं. तसं कुणी ऐकलं की माणसाला स्वतःकडे बघायचा धीर येतो. मी आहे तसा स्वतःला पत्करतो तेव्हाच बदलू शकतो, ही विचित्र गोष्ट आपण अनुभवातून शिकलो असं तो म्हणायचा.

धागाकर्तीसाठी महत्त्वाचं हे की पत्करणं म्हणजे शाबासकी देणं नव्हे. 'हो, मी ओरडले, मला मांयचा राग येतो, कधी कधी ही सुटली तर बरं असंही मनात येतं' हे न पळता कबूल करणं, एवढंच. 'मी वाईट वागले' म्हणणारा माणूस माफी मागू शकतो. 'मीच वाईट' म्हणणारा फक्त लपतो. आणि एक स्पष्ट सांगते. जी बाई महिनोन्महिने सलग झोपलेली नाही तिला 'स्वतःवर प्रेम करा' हा गृहपाठ द्यायचा नसतो. आधी तिच्या झोपेची व्यवस्था लावायची असते.

तांबडी_माती

ताई, तुमचं पटतं, पण याची दुसरी बाजू मी भोगली आहे. माझा नवरा (आता नाही) असल्या शिबिरांना जाऊन आला आणि घरी येऊन म्हणायला लागला, 'मी हा असा आहे, मी स्वतःला स्वीकारलंय, आता तूही स्वीकार.' हात उचलायचा तो उचलायचाच. पूर्वी निदान दुसऱ्या दिवशी खाली मान घालून बसायचा, नंतर तेही बंद झालं. आणि माझ्या माहेरची माणसं चर्चची. ती मला क्षमा कर, क्षमा कर म्हणून मागे लागली. म्हणजे मानसशास्त्र त्याच्या बाजूनं आणि धर्मही त्याच्याच बाजूनं. माझ्या बाजूनं उभं राहिलं ते कोर्ट.

फोंड्याचे_मास्तर

तांबडी_माती, तुमचा मुद्दा आधी पुढे घेतो, बाकी नंतर.

१९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठात रॉजर्स आणि मार्टिन बूबर यांची जाहीर चर्चा झाली. बूबर ज्यू तत्त्वचिंतक, तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यानं रॉजर्सला इथेच अडवलं. समोरच्याला आहे तसा पत्करणं ही सुरुवात झाली, पण प्रेमाला त्याच्यात जे होऊ शकतं तेही दिसतं, आणि कधी कधी माणसाला त्याच्याच विरुद्ध मदत करावी लागते, असं त्याचं म्हणणं. आपल्या आयांना हे बूबर न वाचता कळतं.

येशूकडे व्यभिचारात पकडलेली बाई आणतात (योहान ८), तिथेही दोन वाक्यं आहेत. मीही तुला दोषी ठरवत नाही. जा, यापुढे पाप करू नको. तुमच्या नवऱ्यानं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं गिळलं. माहेरच्यांनी तर दोन्ही वाक्यं चुकीच्या माणसाला ऐकवली.

मी स्वतः वारकरी घरातला, ख्रिस्ती नाही. पण गोव्यात जन्मून बायबल माहीत नसणं म्हणजे जरा कमालच. आपल्याकडे १६१६ साली रायतूरला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सनं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, तेव्हा धागाकर्तीनं मराठीत विचारलेला प्रश्न इथे परका नाही.

शेवटची_कदंब

मास्तर आले, आता सगळ्यांनी वह्या काढा.

जुन्या_गोव्याचा_वाटाड्या

कुमसाराला तेच तेच पाप सांगण्यावरून आठवलं. बॉम जेझू चर्चमध्ये लोक येतात ते सेंट फ्रान्सिस झेवियरसाठी. त्याचा गुरू इग्नेशियस लोयोला याची एक गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो, पण सेल्फीच्या गडबडीत ती कुणी ऐकत नाही.

शिपाईगिरी सोडून हा माणूस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी येऊन राहिला. जुन्या सगळ्या पापांची कबुली दिली. मग वाटलं, काहीतरी राहिलं. पुन्हा दिली. पुन्हा शंका. जेवण सोडलं, खोलीतल्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा इथपर्यंत मजल गेली. शेवटी त्याला समजलं की ही टोचणी देवाकडून येतच नाही, आणि जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं त्यानं ठरवून टाकलं. पुढे त्यानं जी अध्यात्मसाधना लिहिली तिच्यात अशा खोट्या टोचणीसाठी वेगळे नियमच आहेत. तिच्या पहिल्या आठवड्यात माणूस आपली पापं बघतो, पण बघतो ते आपल्याला क्षमा झाली आहे या आश्चर्यासकट.

म्हापशाची_समुपदेशक

वाटाड्या, अगदी हेच. आता या टोचणीचं टोकाचं रूप आम्ही मंत्रचळाच्या आजारात, म्हणजे ओसीडीत धरतो. हात धुण्याऐवजी माणूस पापं धुवत बसतो. जाणते फादर ते ओळखतात आणि डॉक्टरकडे पाठवतात. धागाकर्तीला तसं काही आहे असं मी म्हणत नाहीये, धाग्यावरून निदान होत नसतं.

बाबूराव_साखळी

आमच्या आईनं दोन सासवा काढल्या. कसलं समुपदेशन नि कसलं काय. कामाला लागलं की मन आपोआप ठिकाणावर येतं.

तांबडी_माती

बाबूराव, आईला विचारलं होतंत का कधी?

डिचोलीकर

जरा अवांतर. पाद्री आणि मानसशास्त्र एकत्र म्हटलं की गोव्यात एकच माणूस. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे ना, पाद्री उभा आणि समोर कोसळणारी बाई? तो आबे फारिया. कांदोळीत १७५६ साली जन्मला. आईबाप वेगळे झाले, बाप पाद्री झाला, आई सांता मोनिकाच्या मठात नन. १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करायचा. बाकीचे सांगत, आमच्या अंगातून चुंबकशक्ती निघते. हा म्हणाला, माझ्या हातात काही नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्याच मनातून होतं. पुतळा मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांचा, १९४५ सालचा.

शेवटची_कदंब

आणि 'कातर रे भाजी' विसरलात? लिस्बनला राणीपुढे शेरमांव करताना याची बोबडी वळली. खालून बाप हळूच कोंकणीत म्हणाला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि गडी सुटला. याला म्हणतात गोंयचें समुपदेशन.

फोंड्याचे_मास्तर

ती आख्यायिका आहे, कदंब. पण छान आहे. तिच्यात धीर आला तो राणीला भाजी समजून नव्हे, खाली आपलं माणूस उभं होतं म्हणून.

बाबूरावांसाठी आणि पाळकांच्या नातवासाठी एकच गोष्ट सांगतो. मानसशास्त्रज्ञ युंगचा बापही पाळक. १९३२ मध्ये स्ट्रासबुर्गला पाळकांच्याच सभेत तो बोलला. भुकेल्याला अन्न देतो, अपमान करणाऱ्याला क्षमा करतो, शत्रूवर प्रेम करतो, हे थोर सद्गुण खरेच. पण सगळ्यांत दरिद्री भिकारी आणि तो शत्रू आपल्याच आत आहे, आणि त्याला आपल्याच दयेची भीक हवी आहे असं कळलं तर? तेव्हा आपण त्याला हाकलून देतो, असा भाऊ आपल्याला कधी होता हेच नाकारतो. पाळक मंडळींना ते झोंबलं असेल.

रेव्हरंडांचा_नातू

झोंबलं नाही, मास्तर. उलट बरं झालं, चर्चा रुळावर आली. मी आधी लिहिलं त्यावर ठाम आहे. स्वतःवर प्रेम ही आज्ञा नाही. पण तुम्ही सगळ्यांनी जी माणसं आणली, ती एकाच ठिकाणी बोट ठेवतात. रॉजर्सपुढे बसलेल्याला आधी कुणीतरी दुसऱ्यानं पत्करलेलं असतं. फारियाला बापाचा आवाज लागला. स्वतःला आरशासमोर 'मी छान आहे' म्हणून कुणी बरं झालेलं मी पाहिलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१९) हेच आहे, आपण प्रीती करतो कारण त्यानं आधी आपल्यावर केली. धर्मशास्त्रज्ञ पॉल टिलिख याचं प्रवचनही यावरच होतं. तू पत्करलेला आहेस, तेवढं पत्कर. काही मिळवून दाखवायला जाऊ नकोस.

आता उलट्या बाजूनं. बाराव्या शतकातला संत बर्नार्ड ऑफ क्लेअरवो प्रेमाच्या चार पायऱ्या सांगतो. पहिली, माणूस स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. दुसरी, देवावर प्रेम करतो पण स्वतःच्या फायद्यासाठी. तिसरी, देवावर देवासाठी. मला वाटायचं, इथे संपायला हवं. पण चौथी पायरी आहे, माणूस देवासाठी स्वतःवर प्रेम करतो. आणि या जन्मात ती क्षणभर मिळाली तरी खूप, असंही तो म्हणतो. तेव्हा डिचोलीकरांचं पहिल्याच दिवशीचं 'सोपं आहे' मला मान्य नाही.

डिचोलीकर

मान्य करू नका, पण मिक्सरवाल्या शेजाऱ्यावर कुठली पायरी लागू होते ते सांगा.

बेतुलचो_नुस्तेकार

मी मराठी कमी लिहितो, चूक झाली तर समजून घ्या. पेद्रूनं, येशूच्या शिष्यानं, तीन वेळा येशूला ओळखत नाही म्हटलं, कोळशाच्या शेगडीजवळ. मेल्यातून उठल्यावर येशू तळ्याकाठी परत कोळसे पेटवून मासे भाजतो आणि म्हणतो, या, नाश्ता करा. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. 'का केलंस असं' हे विचारतच नाही. आधी जेवायला घालतो. एवढंच मला कळतं.

शेवटची_कदंब

त्याच अध्यायात १५३ मासे मोजल्याचं आहे ना? मोजणारा नक्की गोंयकार.

वसईहून_मडगावात

काल रात्री सगळं एका दमात वाचलं. नुस्तेकार बाब, तुमची पोस्ट नवऱ्याला बोटीवर पाठवली.

आता खरं सांगते, मूळ पोस्टमध्ये लिहायला लाज वाटली होती. मी रात्रीसाठी बाई ठेवली आहे. रात्री नऊ ते सकाळी सहा. पहिल्या रात्री मी झोपले ती अलार्म वाजेपर्यंत. सकाळी मांयच्या खोलीत गेले तर ती त्या बाईशी तिच्या गावच्या फेस्ताबद्दल बोलत होती आणि हसत होती. माझ्याशी ती हसून बोलायची कधीच थांबली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात खड्डा पडला. वर नणंदेचा फोन, 'आमच्या मांयला परक्या बाईच्या हाती दिलंस.' तर आता कुमसाराला काय सांगू? क्रूस खाली ठेवला म्हणून?

रेव्हरंडांचा_नातू

ताई, क्रूस उचलायला सांगितलाय, एकटीनं उचलायला सांगितलेला नाही. येशूचा क्रूससुद्धा वाटेत कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर दिला गेला. तिन्ही शुभवर्तमानांत आहे, मत्तय, मार्क आणि लूक. नणंदेला तेवढं सांगा.

तांबडी_माती

आणि नणंदेला हेही सांगा की रविवारी येऊन बसा. बघा कसे सगळे धर्मग्रंथ एकदम बंद होतात.

म्हापशाची_समुपदेशक

पोटात खड्डा पडला ना, तो नीट बघा. 'माझ्याशिवाय तिचं चालतं' हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. समुपदेशक बाईंना पुढच्या वेळी हेच सांगा, 'स्वतःवर प्रेम' बाजूला राहू दे. मांयला गुड मॉर्निंग म्हणायला जा, औषधांचा डबा न घेता.

बाकी वाचकांसाठी. ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांनी १४४१६ वर टेलिमानसला फोन करावा, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. आपल्याच गोव्यात संगत या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या, नीट शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांकडून सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशन करून दाखवलं, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तेव्हा हे श्रीमंतांचं खूळ आहे असं, बाबूराव, समजू नका.

बाबूराव_साखळी

आईला विचारलं. ती म्हणाली, विहिरीवर जाऊन रडायची. मला हे आज कळलं. एवढंच लिहितो.

फोंड्याचे_मास्तर

बाबूराव, आईंना नमस्कार सांगा.

नातू, एक शंका राहिलीच. तुम्ही म्हणता पत्करणं बाहेरून येतं. मग ज्याला बाहेर कुणीच नाही, आणि ज्याचा देवावर विश्वास नाही, त्यानं काय करायचं?

रेव्हरंडांचा_नातू

मास्तर, मी म्हणेन देव आहेच, तो मानो न मानो. तुम्ही ते मानणार नाही. इथे आपण दोघंही अडकणार.

म्हापशाची_समुपदेशक

म्हणूनच आमची फी असते, मास्तर.

तांबडी_माती

थोडं कामाचं विचारते. वसईहून_मडगावात, रात्रीच्या बाईंचा दर काय हो? फोंड्यात माझ्या वडिलांसाठी हवी आहे, आणि एजन्सीवाले दिवसाचे आणि रात्रीचे दर वेगळे सांगतात.

वसईहून_मडगावात

व्यनि करते. त्यांची बहीण फोंड्यातच असते, मोकळी आहे का विचारते.